परीक्षेसाठी छापलेली मराठी

मराठी छापील गद्याचा आरंभ सांगताना आपण सेरामपूरच्या मिशनऱ्यांचे नाव घेतो आणि पुढे सरकतो. ती पुस्तके कोणासाठी छापली गेली, हे सहसा कोणी विचारत नाही. त्यांतली बरीचशी परीक्षेला बसणाऱ्या इंग्रज पोरांसाठी होती.

लॉर्ड वेलस्लीने १८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढले. विलायतेहून येणारे कंपनीचे 'रायटर' मिसरूडही न फुटलेले असत. त्यांनी तीन वर्षे इथल्या भाषा, कायदा आणि इतिहास शिकावा, अशी मूळ योजना होती. १ जानेवारी १८०१ पासून ठरावीक जागांसाठी कायद्याची आणि भाषेची परीक्षा सक्तीची झाली. वार्षिक समारंभात विद्यार्थी फारसीत, हिंदुस्तानीत, बंगालीत जाहीर वादविवाद करीत. विशेष प्रावीण्याला मानाची पदवीही होती. लंडनच्या संचालकांना हा खर्च डोईजड वाटला. त्यांनी कॉलेजचे पंख छाटले आणि १८०६ साली इंग्लंडातच आपले कॉलेज उघडले. कलकत्त्यात भाषांचे शिक्षण मात्र चालू राहिले.

दुसरे इंग्रज-मराठा युद्ध १८०३ साली पेटले. त्याच सुमारास कॉलेजात मराठीचे अध्यापन विल्यम कॅरीकडे आले. याला निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. फारसी-हिंदुस्तानीच्या मानाने मराठी घेणारे मूठभरच. पण त्यांच्यासाठी १८०५ साली व्याकरण आणि १८१० साली कोश निघाला. कोशातले मराठी शब्द मोडीत आहेत. पुढची गोष्टींची पुस्तकेही मोडीतच छापली गेली. कारण उघड आहे : साहेबाला पोथी नव्हे, दफ्तर वाचायचे होते. शिकणाऱ्याची गरज लिपीसुद्धा ठरवते, ती अशी.

कॅरीच्या पाठीशी वैजनाथ पंडित होते, नागपूरकडचे. 'सिंहासन बत्तिशी' (१८१४), 'हितोपदेश' (१८१५), 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' (१८१६) ही त्या जोडीची कामे. यातला प्रतापादित्य जेसोरचा, म्हणजे बंगालचा राजा! रामराम बसूंनी याच कॉलेजसाठी १८०१ साली लिहिलेल्या बंगाली पाठ्यपुस्तकाचे ते भाषांतर. हाताशी तयार होते ते मराठीत उतरवले. नागपूरकर भोसल्यांची वंशावळ तेवढी आपल्या मुलखातली. कॅरीला सुरुवातीला महिना ५०० रुपये मिळत. बंगालीच्या मुख्य पंडिताला, मृत्युंजय विद्यालंकारांना २०० आणि रामराम बसूंना ४०. पुस्तकांची मदार ज्यांच्यावर होती, त्यांची किंमत ही.

या पुस्तकांची भाषा पुण्या-कोकणाकडच्या वाचकाच्या कानाला खटकते. पण तिला नुसते 'कृत्रिम' म्हणून निकालात काढणे मला मान्य नाही. नागपुरी बोलीचा इतका जुना छापील पुरावा दुसरीकडे कुठे मिळणार?

कंपनीच्या पोराला बढतीसाठी देशी भाषा यावी लागे. मुंबईत विद्यापीठ आले ते १८५७ साली. पुढच्या दशकात तिथल्या पदवी परीक्षांतून देशी भाषाच वगळल्या गेल्या आणि त्यांची जागा अभिजात भाषांनी घेतली. म्हणजे पुण्याचा मुलगा मराठीचे एक अक्षरही न लिहिता बी. ए. होऊ लागला. न्यायमूर्ती रानडे या विरोधात वर्षानुवर्षे भांडले. अखेर शतक उलटताना मराठीला दार उघडले, तेही एम. ए.पुरतेच.