भागाला द्रव्य नेमताना : कॅड आरेखनातील एक दुर्लक्षित पायरी

संगणकसाहाय्यित आरेखन अर्थात कॅड प्रणालीत यंत्राचा एखादा भाग तयार झाला, की तो पडद्यावर हुबेहूब दिसू लागतो. मात्र तो भाग पोलादाचा आहे, बिडाचा आहे की प्लॅस्टिकचा, हे संगणकाला आपोआप कळत नाही. त्याच्या लेखी तो केवळ एक आकार असतो. या आकाराला पदार्थाचे गुणधर्म जोडण्याच्या क्रियेला द्रव्य नेमणे किंवा रूढ भाषेत 'मटेरियल असाइन करणे' म्हणतात. दोन-चार क्लिकचे हे काम बहुधा शेवटी ढकलले जाते आणि अनेकदा राहूनच जाते.

द्रव्य नेमले नाही म्हणून प्रणाली थांबत नाही. ती स्वतःच एक घनता गृहीत धरते. सॉलिडवर्क्समध्ये ही घनता घनमीटरला १००० किलो, म्हणजे पाण्याइतकी असते. पोलादाची घनता ७८५० आणि अॅल्युमिनियमची सुमारे २७०० असते. २०० मिलिमीटर लांब, १०० मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड अशी एक पट्टी घेतली, तर तिचे वजन पोलादात १.५७ किलो व अॅल्युमिनियममध्ये ०.५४ किलो भरते. द्रव्य न नेमल्यास संगणक ते अवघे ०.२ किलो दाखवतो. एका पट्टीपुरता हा फरक किरकोळ वाटेल. परंतु १२ टनांचा पोलादी सांगाडा याच चुकीने दीड टनाचा दिसतो. नकाशावरील तो आकडा पाहून क्रेन किंवा साखळी निवडली गेली, तर गाठ त्याखाली काम करणाऱ्या माणसांच्या जिवाशी असते.

रंग म्हणजे द्रव्य नव्हे

नवशिक्यांची सर्वाधिक फसगत येथे होते. बहुतेक प्रणालींत बाह्यरूप आणि द्रव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भागाला पितळेची झळाळी दिली म्हणून त्याची घनता बदलत नाही. सॉलिडवर्क्समध्ये डावीकडील वृक्षरचनेतील 'मटेरियल' या नोंदीवर उजवी क्लिक करून संग्रहातील द्रव्य निवडावे लागते. इन्व्हेंटरमध्ये हीच सोय 'आय-प्रॉपर्टीज'च्या 'फिजिकल' या पानावर आहे. द्रव्य नेमल्यावर वस्तुमान, गुरुत्वमध्य आणि जडत्वाघूर्ण पुन्हा मोजून पाहावेत. अंदाजाशी न जुळणारा आकडा हीच चुकीची पहिली खूण होय.

ताण आणि वाक

वजनाखेरीज द्रव्याच्या नोंदीत यंगचा गुणांक, पॉयसनचे गुणोत्तर, यील्ड स्ट्रेंग्थ, औष्णिक प्रसरण आणि उष्णतावाहकता हे गुणधर्म असतात. भाग भार पेलेल काय, हे संगणकावर तपासताना त्यांचा कस लागतो. साध्या तुळईवर ठरावीक भार ठेवल्यास तिच्यातील ताण आकारावर व भारावर ठरतो. द्रव्य बदलले तरी तो जवळपास तोच राहतो. वाक मात्र बदलतो. पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, तर अॅल्युमिनियमचा ७० असल्याने अॅल्युमिनियमची तुळई जवळजवळ तिप्पट वाकते. शिवाय तो ताण सुरक्षित आहे की नाही, हे यील्ड स्ट्रेंग्थशी ताडूनच ठरते. म्हणून केवळ रंगीत ताणचित्र पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. तापमानाचेही तसेच. ५०० मिलिमीटर लांबीचा भाग ५० अंशांनी तापला, तर पोलादात तो सुमारे ०.३ मिलिमीटर आणि अॅल्युमिनियममध्ये ०.५७ मिलिमीटर वाढतो. दोन्ही धातू एकत्र जोडलेले असतील तर हा फरक बोल्टांना सोसावा लागतो.

तयार संग्रह आणि कारखान्याची बोली

प्रणालीसोबत येणाऱ्या संग्रहात परदेशी मानकांची नावे अधिक असतात. आपल्याकडील कारखान्यांत मात्र आयएस २०६२ चे बांधकामी पोलाद, एफजी २६० प्रतीचे बीड किंवा जुन्या ब्रिटिश पद्धतीचे ईएन-८ अशी नावे चालतात. 'जवळचे दिसते' म्हणून भलतेच द्रव्य निवडण्याऐवजी संग्रहातील नोंदीची प्रत काढून स्वतःचा संग्रह करावा आणि मानकातील किंवा पुरवठादाराच्या प्रमाणपत्रातील आकडे त्यात भरावेत. हे भरताना एककांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. पोलादाची घनता घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, तर घनमिलिमीटरला ०.००००० ७८५ किलो अशी लिहिली जाते. एक शून्य घसरले की सारे गणित दसपटीने चुकते.

अशा घसरणीची किंमत किती असू शकते, याचे उदाहरण स्पेनच्या एस-८० वर्गातील पाणबुडीचे आहे. तिचे वजन आराखड्यापेक्षा सत्तरहून अधिक टनांनी वाढल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. गणितात दशांशचिन्ह चुकल्याचे कारण त्या वेळी सांगितले गेले. तरंगण्याची क्षमता परत मिळवण्यासाठी पाणबुडीची लांबी वाढवावी लागली आणि या मालिकेतील पहिली 'इसाक पेराल' २०२३ मध्ये नौदलाच्या हाती पडली.

जुळणी करताना

द्रव्य हे मूळ भागाला नेमले जाते. जुळणीचे वजन त्या भागांच्या बेरजेतून येते. त्यामुळे एक भाग सुटला तरी एकूण आकडा चुकतो, आणि सुट्या भागांच्या यादीतील द्रव्याचा रकाना रिकामा राहतो किंवा चुकीचा भरला जातो. खरेदी विभाग त्याच यादीवरून माल मागवतो. मोटर, बेअरिंग यांसारख्या विकत आणलेल्या वस्तू आत अनेक पदार्थांच्या असतात. त्यांना एकच द्रव्य न नेमता उत्पादकाने दिलेले वजन थेट नोंदवणे इष्ट. दुसऱ्या प्रणालीतून 'स्टेप' फाइल आणल्यास आकार येतो, द्रव्य बहुधा मागेच राहते. अशा भागांची तपासणी आवर्जून करावी.

यावर उपाय साधा आहे. नव्या भागाच्या कोऱ्या साच्यातच नेहमीचे द्रव्य नेमून ठेवावे आणि नकाशा कारखान्यात जाण्यापूर्वी प्रत्येक भागाचे द्रव्य, घनता व वजन यांची यादी डोळ्यांखालून घालावी. पहिला भाग तयार झाला, की तो काट्यावर ठेवून संगणकातील आकड्याशी ताडावा. काट्याला गृहीत घनता ठाऊक नसते.