कटकची वाट

रुआबांध्याहून उत्तरेकडे सुपेल्यापर्यंत गेले की एक रुंद रस्ता आडवा लागतो. भिलाईतील लहानथोर सारे त्यास 'जी. ई. रोड' म्हणतात, परंतु ही अक्षरे कशाची, असे विचारल्यास पुष्कळांस सांगता येत नाही. 'ग्रेट ईस्टर्न रोड' हे त्याचे मूळचे नाव. नागपुराहून निघून भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर ही गावे गुंफीत तो संबळपुराकडे जातो. पुष्कळ वर्षे तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता व कलकत्त्यास पोचत असे. २०१० साली क्रमांक बदलले, तेव्हापासून तो ५३ व्या महामार्गाचा भाग झाला असून हा महामार्ग सुरतेजवळच्या हजिऱ्यापासून ओडिशातील पारादीप बंदरापर्यंत जातो.

नोकरीच्या निमित्ताने इकडे आलेल्या आम्हां मराठी मंडळींस हा रस्ता एवढ्यापुरताच ठाऊक असतो की, सुटीत याच रस्त्याने पश्चिमेस गेल्यावर बाघनदी ओलांडली म्हणजे महाराष्ट्र लागतो. तो पूर्वेसही जातो, आणि त्या पूर्वेच्या टोकास एके काळी मराठ्यांचे राज्य होते, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

पहिल्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर १७४१ मध्ये पूर्वेच्या स्वारीवर निघाले, तेव्हा वाटेत त्यांनी रतनपूरच्या हैहय राजास नमविले. पुढे बंगालमध्ये दहा वर्षे धुमश्चक्री चालली. १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने तहाच्या बोलण्यास बोलावून भास्कररामांस दग्याने मारविले. तथापि १७५१ च्या तहाने ओडिशा रघूजींच्या हाती आला आणि बंगालच्या चौथाईदाखल वर्षास १२ लाख रुपये ठरले. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या नागपूरच्या राज्यास अशा रीतीने पूर्वेचा किनारा लाभला. शिवभट साठे, राजारामपंत असे मराठी सुभेदार कटकच्या बाराबाटी किल्ल्यातून कारभार पाहू लागले.

नागपूर आणि कटक यांना जोडणारी वाट छत्तीसगडातून व महानदीच्या खोऱ्यातून जात होती. आजचा रस्ता तिच्यावर पावलागणिक पडत नाही. दिशा मात्र तीच आहे. त्या वाटेने फौजा गेल्या, खजिना आला, जगन्नाथाचे यात्रेकरू चालले आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांनी किनाऱ्यावरचे मीठ बैलांच्या पाठीवर घालून आत आणले. परंतु पन्नासावर वर्षे या वाटेवर हुकमत असूनही भोसल्यांनी तिचा बांधीव, बारमाही हमरस्ता केला नाही. वाट वसुलीची होती, आणि वसुलीला घोड्याची टाप उमटेल एवढी जागा पुरते. बंगालमध्ये आजही आया मुलांस निजविताना 'बर्गी' आल्याची भीती घालतात. तो शब्द आपल्याच 'बारगीर' या शब्दाचा अपभ्रंश होय. वाटेच्या त्या टोकास आपली ओळख अशी राहिली आहे, हे आपण निमूटपणे मान्य केले पाहिजे.

१८०३ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी बाराबाटी घेतला. पुढच्याच महिन्यात त्यांनी महानदीकाठची बारमूळची खिंड काबीज केली, कारण नागपूरची फौज आली तर ती त्याच खिंडीतून येणार होती. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने बालेश्वर बंदरासह कटक प्रांत गेला, आणि भोसल्यांचा समुद्र संपला.

आता याच वाटेच्या मधल्या भागाकडे, छत्तीसगडाकडे पाहू. रघूजींचे पुत्र बिंबाजी १७५८ मध्ये रतनपुरास आले. हा मुलूख त्यांच्या वाट्यास आला होता. नागपुरास राहून महसूल मागविणे त्यांना अशक्य नव्हते. पण ते रतनपुरास घर करून राहिले आणि १७८७ मध्ये तेथेच वारले. त्यांच्यानंतर प्रांत व्यंकोजी भोसल्यांकडे गेला. त्यांनी वास्तव्यासाठी नागपूरच पसंत केले व कारभार सुभेदारांवर सोपविला. सुभेदारी मक्त्याने दिली जाई. मक्तेदाराची नजर भरावयाच्या रकमेवर आणि तीवर उरणाऱ्या नफ्यावर असावयाची. १८१८ पर्यंत असे अनेक सुभेदार आले आणि गेले. त्यांची नावे आज इतिहासाच्या विद्यार्थ्यांखेरीज कोणास माहीत नाहीत.

१८१८ मध्ये कर्नल अॅग्न्यू यांच्या कारकिर्दीत प्रांताचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलले, आणि मुख्य वाटही रायपुरावरून ठरल्यासारखी झाली. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाल्यानंतर ग्रेट ईस्टर्न रोड बांधला गेला. १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपुरास पोचली, तेव्हा छत्तीसगडचे धान्य याच रस्त्याने बैलगाड्यांतून पश्चिमेस जाऊ लागले. पूर्वेची म्हणून बांधलेली सडक मुंबईच्या समुद्राची चाकरी करू लागली. पुढे रूळ १८८२ पर्यंत राजनांदगावास आले, १८९१ मध्ये बंगालशी जोडले गेले आणि १९३१ मध्ये रायपुराहून विजयनगरमकडे जाणारा फाटा पुरा झाल्याने विशाखापट्टण जवळ आले. १९५५ च्या सोव्हिएत कराराने भिलाईस पोलादाचा कारखाना आला, त्यास हे रूळ आणि हा रस्ता आयते मिळाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

विजयादशमीस सोने वाटण्याची चाल छत्तीसगडात बिंबाजींनी आणली, असे येथील इतिहासकार सांगतात. गेल्या दसऱ्यास आमच्या शेजारचे वृद्ध छत्तीसगडी गृहस्थ पाने घेऊन घरी आले. मी त्यांस म्हणालो, "दादा, ही तर आमच्याकडची रीत!" ते हसून म्हणाले, "तुमच्याकडची कशी? आमचे आजे-पणजे हेच करीत आले." मी काही बोललो नाही. एखादी रीत आपली म्हणून ओळखूही येऊ नये इतकी दुसऱ्याची व्हावी, यापरते तिचे भाग्य कोणते?

आम्ही बदलीचे लोक. तीन-चार वर्षांचा हिशेब मांडून येतो, बदलीच्या हुकमाची वाट पाहतो, आणि शेजाऱ्याची बोली न शिकताच पश्चिमेचा रस्ता धरतो. आमच्या हाती ना फौज, ना मक्ता. तरी बिंबाजी की सुभेदार, ही निवड आम्हांसही करावी लागतेच. हा विचार मनात आल्यावर मी शेजारच्या दादांकडे छत्तीसगडी शिकण्यास बसू लागलो आहे. बदलीचा हुकूम येण्याआधी ती बोलता येईल, अशी आशा आहे.