फाईलचे शेपूट दाखवणारी ‘टेल’

एखादे संकेतस्थळ ऐन गर्दीच्या वेळी बंद पडते, तेव्हा ग्राहकाला पडद्यावर दिलगिरीची एखादी ओळ तेवढी दिसते. पडद्यामागे सर्व्हर सांभाळणारा अभियंता मात्र त्याच क्षणी रोमन लिपीतील चार अक्षरांची एक आज्ञा टंकित करीत असतो. ती आज्ञा म्हणजे ‘टेल’, अर्थात शेपूट. फाईलचा केवळ अखेरचा भाग दाखवणे एवढेच तिचे काम. परंतु बिघाडाचा पहिला धागा बहुधा या अखेरच्या भागातच सापडत असल्याने युनिक्स व लिनक्स प्रणालींवर काम करणाऱ्यांना ही आज्ञा अपरिहार्य ठरली आहे.

शेवटच्याच ओळी का?

सर्व्हरवर चालणारे प्रोग्रॅम आपल्या कामाची नोंद एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये करीत असतात. या फाईलला ‘लॉग’ म्हणतात. कोणती विनंती आली, कोणते पान दिले गेले, कोठे त्रुटी उद्भवली, याची वेळेसह नोंद तीत होते. प्रत्येक नवी नोंद शेवटी जोडली जाते. त्यामुळे सर्वांत ताजी बातमी नेहमी तळाशी असते. मोठ्या सर्व्हरवर अशी फाईल पाहता पाहता लाखो ओळींची होते. ती एखाद्या संपादकात उघडू गेल्यास बहुतेक संपादक संपूर्ण फाईल स्मृतीत ओढून घेतात आणि आधीच थकलेल्या सर्व्हरवर आणखी भार पडतो.

‘टेल’ची रीत वेगळी आहे. ती थेट फाईलच्या शेवटाशी जाते आणि तेथून मागे मागे वाचत ओळी मोजते. हव्या तेवढ्या ओळी भरल्या की थांबते. त्यामुळे फाईल १ मेगाबाईटची असो वा १० गिगाबाईटची, उत्तर जवळपास तितक्याच वेळात मिळते. दुसऱ्या आज्ञेकडून ‘पाईप’द्वारे मजकूर येत असेल तेव्हा मात्र ही सोय उरत नाही. अशा वेळी तिला सारा मजकूर पुढून वाचत यावे लागते.

बेल प्रयोगशाळेचा वारसा

युनिक्सचा जन्म अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या हातून झाला. प्रत्येक आज्ञेने एकच काम करावे, ते नेटके करावे आणि आज्ञा एकमेकींना जोडता याव्यात, ही त्यामागील दृष्टी. १९७९ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘टेल’ समाविष्ट होती. लिनक्सवर आज सामान्यतः आढळणारी आवृत्ती ‘जीएनयू’ प्रकल्पाची असून पॉल रुबिन, डेव्हिड मॅकेन्झी, इयान लान्स टेलर व जिम मेयरिंग ही तिच्या कर्त्यांची नावे आहेत. ॲपलच्या मॅक संगणकांवरही ही आज्ञा उपलब्ध असते.

वापर कसा करावा?

आज्ञेचे नाव लहान रोमन अक्षरांत लिहून पुढे फाईलचे नाव दिले की शेवटच्या १० ओळी पडद्यावर येतात. अधिक हव्या असल्यास आडवी रेघ, लहान ‘एन’ व संख्या लिहावी, म्हणजे ‘टेल -एन ५०’ असे लिहिल्यास ५० ओळी मिळतात. संख्येआधी अधिकचे चिन्ह दिल्यास अर्थ पालटतो. ‘+२’ म्हणजे दुसऱ्या ओळीपासून अखेरपर्यंत सर्व. तक्त्याच्या फाईलमधील शीर्षकाची पहिली ओळ वगळण्यासाठी ही युक्ती कामी येते.

लहान ‘सी’ हा पर्याय ओळींऐवजी बाईट मोजतो. येथे मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी सावध राहावे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाईट व्यापते. ‘पुणे’ या शब्दात दोन व्यंजने व दोन मात्रा मिळून १२ बाईट होतात. त्यातील शेवटचे १० मागितल्यास ‘प’ मधोमध तुटतो आणि त्याच्या जागी निरर्थक खूण उमटते.

नोंदी वाहत्या पाहताना

‘टेल’ची खरी कीर्ती लहान ‘एफ’ या पर्यायामुळे आहे. तो दिल्यास आज्ञा शेवटच्या ओळी दाखवून थांबत नाही. फाईलमध्ये नवी ओळ पडली की ती पडद्यावर येत राहते. कंट्रोल व ‘सी’ या कळा एकत्र दाबल्या की हे निरीक्षण संपते. पूर्वी ‘जीएनयू’ची आज्ञा दर सेकंदाला फाईल तपासत असे. २००९ पासून लिनक्सवर शक्य तेथे बदलाची सूचना थेट प्रणालीच्या गाभ्याकडून घेतली जाते.

मात्र याच पर्यायात एक फसगत दडलेली आहे. लॉग फार वाढू नये म्हणून ठरावीक काळाने जुन्या फाईलचे नाव बदलून त्याच जागी नवी फाईल सुरू करण्याची पद्धत आहे. लहान ‘एफ’ नावाला नव्हे, तर उघडलेल्या फाईलला धरून राहतो. मध्यरात्री फाईल बदलली तर अभियंता जुन्याच फाईलकडे पाहत बसतो. पडदा शांत असतो आणि सर्व काही सुरळीत असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात त्रुटी नव्या फाईलमध्ये साचत असतात. मोठा ‘एफ’ वापरल्यास आज्ञा नावाचा माग ठेवते आणि नवी फाईल येताच तिच्याकडे वळते. दीर्घ काळ पहारा ठेवायचा असल्यास मोठा ‘एफ’च योग्य होय.

याची दुसरी बाजूही आहे. एखादी फाईल पाहणे चालू असतानाच कोणी ती पुसून टाकली, तर यादीतून नाव जाते. परंतु जागा मोकळी होत नाही. फाईल उघडी ठेवणारा अखेरचा प्रोग्रॅम बंद होईपर्यंत डिस्क भरलेलीच राहते.

मर्यादा आणि पथ्ये

शितावरून भाताची परीक्षा होते, पण प्रत्येक बिघाडाची होत नाही. जावा भाषेतील प्रोग्रॅम एका त्रुटीसाठी कित्येक ओळींचा माग छापतात आणि मूळ तक्रार पुष्कळदा त्या मागाच्या आरंभी असते. शेवटच्या १० ओळींत तिचा परिणाम तेवढा दिसतो. तेवढ्यावरून सर्व्हर पुन्हा सुरू केल्यास तोच बिघाड काही वेळाने परत येण्याचा संभव राहतो. म्हणून ओळींची संख्या वाढवावी किंवा ‘ग्रेप’ ही शोधाची आज्ञा जोडून नेमका शब्द हुडकावा.

सिस्टमडीवर चालणाऱ्या लिनक्समध्ये प्रणालीच्या नोंदी साध्या मजकुरात नसून द्विमान स्वरूपात साठवल्या जातात. तेथे ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा वापरावी लागते. लहान ‘एन’ व लहान ‘एफ’ हे पर्याय मात्र तिथेही त्याच अर्थाने चालतात. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-कंटेंट’ या आज्ञेला ‘टेल’ व ‘वेट’ हे पर्याय जोडून हेच काम साधते.

अखेरचे पथ्य गोपनीयतेचे. लॉगमध्ये ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक, संगणकांचे पत्ते, क्वचित निष्काळजीपणाने पासवर्डही उतरलेले असतात. म्हणूनच अनेक नोंदी वाचण्याचा अधिकार मोजक्याच व्यक्तींना दिला जातो. मदत मागताना या ओळी जशाच्या तशा इतरांकडे धाडू नयेत. आधी त्यांतील खासगी तपशील झाकावा. ‘टेल’ फाईलमध्ये कोणताही बदल करीत नाही. परंतु तिने दाखवलेला मजकूर कोणाच्या हाती पडतो, याची जबाबदारी आज्ञा देणाऱ्याचीच असते.