कोठार आणि रोखा

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम येथे, शिवमंदिरापाशी, नायक राजांच्या काळचे, सतराव्या शतकातील विटांचे एक प्रचंड धान्यकोठार उभे आहे. धान्याचा संचय डोळ्यांना दिसतो, मापाने मोजता येतो. शेअर हा मात्र केवळ एक रोखा. त्याचे मोल ओळखण्यास विद्या लागते. ती नसली म्हणजे काय होते, हे मुंबईने १८६५ साली पाहिले. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला तेजी आली आणि तो पैसा शेअरांत ओतला गेला. युद्ध संपताच भाव कोसळले, पेढ्या व बँका बुडाल्या. पुढे १८७५ साली दलालांनी आपला संघ स्थापिला. परंतु उमेदवाराचे शिक्षण पेढीवरच, दलालाच्या हाताखाली होत राहिले. व्यापारशिक्षणासाठी सिडनहॅम कॉलेज निघाले ते १९१३ साली, आणि ‘सेबी’ने रोखेबाजाराच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय संस्था काढली ती २००६ साली. रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला तिचे विद्यालय आहे. म्युच्युअल फंडाच्या वितरकालाही आता तिची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. परीक्षा त्याची असली, तरी पणाला लागलेली असते ती त्याच्यावर विसंबणाऱ्या सामान्य माणसाची पुंजी.