पंचवीसची रेघ

मंडळी, गेले तीन वीकएंड इथे काही लिहिलं नाही. कारण सांगायला जरा लाज वाटते, पण सांगतो.

झालं असं की, स्टेशनला जायच्या शेअर रिक्षाच्या रांगेला कंटाळून मी मागच्या वर्षी इलेक्ट्रिक सायकल घेतली. बेव्हर्ली पार्कपासून मीरा रोड स्टेशन काही फार लांब नाही, पण पावसाळ्यात संध्याकाळी त्या रांगेत उभं राहून बघा, म्हणजे कळेल. दुकानदाराने सायकल दिली आणि हळूच म्हणाला, "साहेब, पंचवीसलाच अडकते. लॉक काढून देऊ?" कंट्रोलरमधून एक पातळ वायर बाहेर येते, तिचा जोड सोडवला की मर्यादा उठते. दोन मिनिटांचं काम. मी इंजिनीयर माणूस, म्हटलं मीच काढतो. काढला. सायकल अडतीस-चाळीसला जायला लागली. पॅडल मारायचं नाटक तेवढं उरलं.

तीन आठवड्यांपूर्वी सोसायटीच्या गेटाशी वळताना तळमजल्यावरचे काका समोर आले. ब्रेक लागला, पण उशिरा. काका पडले, मनगट मोडलं. रिक्षातून दवाखान्यात जाताना तो हात पोटाशी धरून त्यांनी विचारलं, "अरे, हिचा इन्शुरन्स असेल ना तुझा?" आणि मी चटकन म्हणून गेलो, "आहे काका, काळजी करू नका."

इन्शुरन्स नव्हता. एक्सरे, प्लास्टर, औषधं सगळं मी खिशातून भरलं आणि काकांना वाटतंय कंपनीने दिलं. त्या रात्रीपासून मी हा विमा नावाचा प्रकार वाचत बसलोय. सुरुवात केली होती 'आता पॉलिसी कुठून मिळेल' इथून आणि जाऊन पोचलो 1930 सालात.

1930 साली ब्रिटनमध्ये रोड ट्रॅफिक ॲक्ट आला. त्याआधी तिथे गाडीने कोणाला उडवलं तर जखमी माणूस कोर्टात जायचा, खटला जिंकायचा, हातात हुकूमनामा यायचा आणि गाडीवाल्याकडे द्यायला पैसेच नसायचे. जिंकूनही हात रिकामे. म्हणून कायद्याने सांगितलं, रस्त्यावर मोटार आणायची तर दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा आधी काढा. थर्ड पार्टी म्हणतात तो हाच. पहिला पक्ष गाडीवाला, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरा तो बिचारा, ज्याने कुठेच सही केलेली नाही.

हे वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला. मी आजवर समजत होतो की गाडीचा विमा म्हणजे माझ्या गाडीची काळजी. पण सक्तीचा जो भाग आहे तो माझ्यासाठी नाहीच. तो काकांसाठी आहे.

आपल्याकडे 1939 सालचा मोटार वाहन कायदा आला, त्यात आठवं प्रकरण याच विम्याचं होतं. पण कायदा एकदम लागू केला नाही. विमा कंपन्यांना तयारीला वेळ हवा होता, मध्ये महायुद्धही आलं. ते प्रकरण अंमलात आलं 1 जुलै 1946ला. म्हणजे सक्तीचा विमा आपल्याकडे स्वातंत्र्यापेक्षा वर्षभराने मोठा आहे! 1956च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय केली, जखमींना साध्या दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालायला लागू नयेत म्हणून. मग 1 जानेवारी 1973पासून सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि 107 विमा कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. त्यातली न्यू इंडिया तर आपल्या मुंबईचीच, 1919 साली सर दोराबजी टाटांनी काढलेली.

आता यात सायकल कुठे बसते? कुठेच नाही. सायकलला नगरपालिकेचा कर होता. जुन्या लोकांना विचारा, महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत सायकलला पत्र्याचा बिल्ला लावायला लागायचा आणि तो नसला की दंड. पण त्या बिल्ल्याचे पैसे नगरपालिकेच्या तिजोरीत जायचे. सायकलखाली कोणी आलं तर त्याला त्यातला छदामही मिळत नसे. विमा कंपन्यांच्या घरगुती पॅकेज पॉलिसीत मात्र एक छोटा विभाग पॅडलच्या सायकलचा असायचा. सायकल चोरीला गेली तर भरपाई आणि सायकलने कोणाला लागलं तर त्याचीही थोडी जबाबदारी कंपनी घ्यायची. अर्थात ऐच्छिक. किती जणांनी टीव्ही, फ्रिजबरोबर हा विभागही घेतला असेल, देव जाणे.

म्हणजे प्रश्न एवढाच उरला की सायकल कुठे संपते आणि मोटार कुठे सुरू होते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत बाउंडरी कंडिशन! आणि ही कंडिशन लिहिताना सरकारलाही आमच्यासारखाच घाम फुटलेला दिसतो.

1972 साली पुण्याच्या कायनेटिकने लूना आणली. पॅडल होतं, इंजिन होतं, दोन्ही. पण 50 सीसीच्या आसपासचं इंजिन म्हणजे कायद्याने सरळसरळ मोटार वाहन. 1988च्या नव्या कायद्यात व्याख्या केली की चारपेक्षा कमी चाकं आणि 35 सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर ते मोटार वाहन नाही. 1994च्या दुरुस्तीने ते 35चं 25 केलं. रेघ खाली सरकली.

मग आली बॅटरी. बॅटरीच्या गाडीला सीसीच नाही! इंजिनाच्या पोकळीचं माप मोटरला कसं लावणार? म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीवरच्या वाहनाची वेगळी व्याख्या घातली गेली. मोटरची तीस मिनिटांची शक्ती 0.25 किलोवॅटपेक्षा कमी, म्हणजेच अर्धा तास सलग चालवता येईल अशी शक्ती 250 वॅटच्या आत, आणि कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी. पॅडल मारायच्या सायकलला थोडी वेगळी अट: मोटरची मदत हळूहळू कमी होत 25ला बंद झाली पाहिजे, आणि पॅडल थांबलं की त्याआधीच. मान्यताप्राप्त संस्थेने हे तपासून द्यायचं. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक. अटीत बसलात तर तुम्ही सायकल. नोंदणी नाही, लायसन नाही, विमा नाही.

आणि ती वायर सोडवलीत तर? तर मंडळी, तुम्ही मोटार वाहन. नंबर नसलेलं, विमा नसलेलं. त्या दुकानदाराने मला वेग नाही दिला, एका कायद्यातून उचलून दुसऱ्यात टाकलं. मे 2022 मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने अशाच बदल केलेल्या ई-बाइक्सविरुद्ध मोहीम उघडली होती. तेव्हा बातमी वाचून मी, 'यांना दुसरं काही सुचत नाही' असं म्हटल्याचं चांगलं आठवतंय.

वेगवान इलेक्ट्रिक सायकल हा काही गुन्हा नाही. जर्मनीत ताशी 45पर्यंत जाणाऱ्या सायकलींना विम्याची छोटी पाटी लागते. विम्याचं वर्ष 1 मार्चला सुरू होतं आणि दरवर्षी पाटीचा रंग बदलतो: काळा, निळा, हिरवा. पोलिसाला लांबूनच कळतं की यंदाचा विमा आहे की नाही. आपल्याकडेही 2024 मध्ये लूना बॅटरीवर परत आली, तिला नंबर आहे आणि विमाही आहे. केंद्र सरकारने 1 जून 2022पासून लागू केलेल्या दरांत 3 किलोवॅटपर्यंतच्या इलेक्ट्रिक दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला 457 रुपये होता. 457 रुपये! बेव्हर्ली पार्कमधल्या एका पिझ्झ्याचे पैसे.

पण गंमत बघा, माझ्या सायकलला तो 457चा विमाही मिळत नाही. विमा हवा तर नोंदणी हवी, नोंदणी हवी तर त्या मॉडेलला मोटार वाहन म्हणून मान्यता हवी. माझी सायकल तर सायकल म्हणून विकली गेलेली. दार दोन्ही बाजूंनी बंद. पॉलिसी मिळते ती चोरीची किंवा स्वतःच्या अपघाताची, आणि त्यातही दावा करताना ते पहिल्यांदा विचारणार की गाडीत काही बदल केलाय का.

1930च्या आधीचा तो ब्रिटिश गाडीवाला आठवला. काकांचं मनगट मोडलं तेवढ्यावर निभावलं आणि माझ्या खात्यात पगार होता, म्हणून बिल भरलं गेलं. डोक्याला लागलं असतं तर? न्यायाधिकरणाने भरपाई ठरवली असती आणि ती द्यायला समोर कंपनी नाही, फक्त मी आणि माझा होम लोन.

असो. काल सकाळी सीट काढून, कंट्रोलरचं झाकण उघडून ती वायर परत जोडली. गेटाबाहेर एक फेरी मारली. पंचवीसला मोटर गप्प होते, पुढे पाय चालवायला लागतात. स्टेशनला चारेक मिनिटं जास्त लागतील.

मग काकांकडे गेलो. प्लास्टर अजून आहे. चहा झाला, मॅचवर बोलणं झालं. शेवटी म्हटलं, "काका, तो इन्शुरन्स... नव्हता." काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग बिल तू भरलंस?" मी मान डोलावली. "आणि मी सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटलोय, कंपनीने एका दिवसात पैसे दिले म्हणून. बी विंगच्या दोघांनी कंपनीचं नाव विचारलंय मला."

आता आज संध्याकाळी त्या दोघांकडे जायचंय. त्यांच्याही सायकली तशाच आहेत.