भाड्याचं घर : मालक नेमकं काय विकत घेतो?

एखादी जागा घ्यावी, ती भाड्याने द्यावी आणि दरमहा उत्पन्न सुरू ठेवावं, हा विचार आज पुष्कळांच्या मनात असतो. त्यात नवं काही नाही. मुंबईत तो दीडशे वर्षं जुना आहे. सुरुवात करणाऱ्याने जाहिराती पाहण्याआधी हा इतिहास पाहावा, असं आम्हाला वाटतं.

१८५४ साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीची स्थापना केली. पुढे गिरण्या वाढल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसं येत राहिली. त्यांना डोक्यावर छप्पर हवं होतं. मग जमीनमालकांनी, व्यापाऱ्यांनी चाळी बांधल्या. दहा बाय दहाची खोली, पुढे सामायिक गॅलरी, टोकाला संडास. चाळ ही मुळात भाड्यासाठीच बांधलेली मिळकत होती. मागणी एवढी, की मालकाला तोटा कसला? असंच तेव्हा वाटलं असणार.

पहिला धडा १८९६ च्या प्लेगने दिला. माणसं शहर सोडून पळाली. रिकामी खोली भाडं देत नाही, पण तिचा खर्च थांबत नाही. दुसरा धडा महायुद्धांनी दिला. महागाई आणि घरटंचाई वाढली, तेव्हा भाडी बेसुमार वाढू नयेत म्हणून सरकारने १९१८ मध्ये निर्बंध घातले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते परत आले, आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच ‘प्रमाण भाडं’ धरलं. त्यानंतर प्रथमच भाड्याने दिलेल्या जागेसाठी पहिलं भाडं धरलं गेलं.

हा कायदा अन्यायासाठी केला होता का? मुळीच नाही. गिरणी कामगाराला रातोरात रस्त्यावर काढू नये, हा त्याचा हेतू होता आणि तो योग्यच होता. अडचण काळाची होती. तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक चालला. समजा, चाळीस खोल्यांची चाळ आणि खोलीला दहा रुपये भाडं. महिन्याला चारशे रुपये आले. १९४० साली त्यात गवंडी, सुतार, कर सगळं भागलं असेल. १९९० साली? छप्पर गळतं, पण मालक दुरुस्ती करत नाही. भाडेकरू म्हणतो, ‘इमारत तर मालकाची!’ शेवटी १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसवावा लागला. बंदी असूनही पागडी चालत राहिली, ती याच कोंडीतून.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं, की प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली. पागडीही कायदेशीर झाली.

आता प्रश्न असा : चाळ बांधणाऱ्याने नेमकं काय विकत घेतलं होतं? आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून असं म्हणू : मालकी ही भिंतींशी नसते, ती माणसांमधल्या संबंधांची व्यवस्था असते. राहणारा, मालक आणि राज्य, या तिघांच्या संबंधात आपण पैसे घालतो. ते संबंध बदलले की भिंती तशाच राहूनही मिळकत बदलते.

म्हणून आज सुरुवात करणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, हिशेब. समजा, ऐंशी लाखांचा फ्लॅट आणि वीस हजार भाडं. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार, म्हणजे तीन टक्के. एक महिना जागा रिकामी राहिली, सोसायटीचा देखभाल खर्च आणि कर मिळून महिना तीन हजार गेले, तर उरतात एक लाख चौऱ्याऐंशी हजार. सव्वादोन टक्क्यांच्या थोडं वर. दुरुस्ती अजून धरलेलीच नाही, आणि गृहकर्जाचं व्याज याहून पुष्कळ जास्त असतं.

दुसरी, करार. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?’ असं लोक म्हणतात. महाराष्ट्रात भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स, दोन्ही लेखी आणि नोंदणीकृत असावे लागतात. ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि उलट सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात पडतं. मुदत संपूनही लायसन्सी गेला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट शुल्क वसूल होऊ शकतं. पण कायद्याने दिलेलं कायदा बदलूही शकतो. १९७३ साली १ फेब्रुवारीला ताब्यात असलेले लायसन्सी एका दुरुस्तीने भाडेकरू ठरले होते, हे विसरू नये.

राहणाऱ्याला परवडेल आणि घराची डागडुजी होईल, एवढं भाडं जिथे बसतं, तिथेच ही गुंतवणूक टिकते. त्यातलं एक सुटलं की काय होतं, ते पाहायला गिरगावात किंवा लालबागला एक चक्कर मारावी.