काचेच्या समुद्रातील वाळू

खाऱ्या पाण्याचे मत्स्यपात्र घरी बाळगणाऱ्या गृहस्थास मासे आणि प्रवाळ यांची चिंता असतेच. परंतु तळाची शुभ्र वाळू एके दिवशी तपकिरी, तांबूस किंवा काळी पडलेली दिसली म्हणजे त्याचे जे धाबे दणाणते, त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासात वाळूची दाद सर्वांच्या मागून लागली आहे.

वेस्टमिन्स्टर येथील एका धर्माधिकाऱ्याची पत्नी अ‍ॅना थिन हिने १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळजातीचे जीव बरणीत घालून लंडनला आणले, आणि ते जगावेत म्हणून मोलकरणीस उघड्या खिडकीपाशी उभे करून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतण्याच्या कामावर तैनात केले. या विद्येच्या आद्य सेवकांत त्या मोलकरणीची गणना का होऊ नये, हे मला समजत नाही. पुढे १८५३ मध्ये रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचा ‘द अ‍ॅक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि इंग्लंडातील दिवाणखान्यांतून समुद्र मांडण्याचे वेड पसरले. पण मांडलेला समुद्र नासू लागताच पुष्कळांची हौसही त्याबरोबर नासली. विल्यम अल्फर्ड लॉइड याने १८७१ साली क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात तळघरातील विशाल अंधाऱ्या हौदातून पाणी अखंड खेळते ठेवण्याचा बंदोबस्त केला, तो पाण्यापुरता उत्तम होता. वाळूच्या पोटात काय चालते, याची चौकशी करण्यास त्या काळच्या शास्त्रापाशी अद्याप साधनच नव्हते.

ती चौकशी मत्स्यालयात नव्हे, तर प्रयोगशाळेत झाली. विनोग्राद्स्की याने १८९० च्या सुमारास अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू वेगळे काढले, आणि १८९५ मध्ये डेल्फ्ट येथे बायेरिंक याने असे जीवाणू शोधले, की जे प्राणवायूच्या अभावी सल्फेटावर निर्वाह करून हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू सोडतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुबलक. त्या वायूचा लोहाशी संयोग झाला की वाळू काळी पडते. ओहोटीच्या वेळी कोकणातल्या खाडीचा चिखल ज्याने पायाखाली तुडवला आहे, त्याला हा रंग आणि हा दर्प निराळा सांगावा लागत नाही, कारण तेथेही हाच मामला चालू असतो.

तपकिरी रंगाचा गुन्हा त्या मानाने किरकोळ. नव्या पात्रात सिलिकेट विपुल असते, त्यावर डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांचा थर जमतो, आणि सिलिकेट सरले म्हणजे तो बहुधा आपोआप विरतो. धीर धरणे हाच त्यावरचा इलाज. तांबूस, बुळबुळीत चादर मात्र सायनोबॅक्टेरियांची. ती नळीने ओढून काढावी, खाद्य आवरावे आणि तळाशी प्रवाह वाढवावा.

पूर्वीच्या शिरस्त्याप्रमाणे अशी वाळू सरसकट धुऊन काढीत किंवा हद्दपारच करीत. या दृष्टीत पालट झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात: जाकार्ताच्या ली चिन एंग याने समुद्रातील सजीव खडकांच्या आधारे पात्र चालवून दाखवले, आणि १९८० च्या दशकात मोनॅको येथे जाँ झोबेर याने प्रवाळी वाळूच्या थराखाली पाण्याची पोकळी ठेवून, प्राणवायू अत्यल्प असलेल्या खोल भागात नायट्रेटाचे निरुपद्रवी नायट्रोजनात रूपांतर घडवले. म्हणजे ज्या खोलीची धास्ती होती, तिलाच कामावर रुजू करून घेतले गेले. अट एवढीच, की ती खोली सर्वस्वी गुदमरू नये. आणि जुनी काळी वाळू एका झटक्यात ढवळली तर कोंडलेला वायू पाण्यात मिसळून माशांचा प्राण घेऊ शकतो, सबब ती हात लावायची तर थोडी थोडीच, तीही मासे अन्यत्र हलवून. जाड थर ठेवावा की तळ उघडाच बरा, हा वाद मात्र हौशी मंडळींत अजून मिटलेला नाही, आणि दोन्ही पक्षांची पात्रे उत्तम चाललेली दिसतात.